मिशन, पंथ आणि अनाथ: परदेशी साहाय्यावर चालणाऱ्या स्थानिक संस्थांच्या परिभाषेचा विचार

परदेशांतील ख्रिस्ती मंडळ्यांनी आपल्या सभासदांच्या लहान लहान तुकड्या अन्य देशांतील शाळा व अनाथाश्रम यांच्या भेटीस पाठवाव्या, ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विमानप्रवास सुलभ झाल्यानंतर, विशेष रूढ झाली. अशी तुकडी आठ-पंधरा दिवस मुक्काम करते. ती सहसा स्थानिक लोकांनी चालविलेल्या संस्थेत उतरते, इमारतीची डागडुजी करते, मुलांना इंग्रजीचे चार धडे देते, खेळ घेते, एखादे वैद्यकीय शिबिर भरविते. पाहुणे मायदेशी परतल्यावर आपल्या मंडळीस वृत्तान्त सांगतात आणि त्या वृत्तान्तावर पुढील वर्षाची वर्गणी जमते. संस्थेच्या दृष्टीने या सर्व व्यवहारात भेटीच्या दिवसांपेक्षा त्यानंतरच्या वृत्तान्तालाच अधिक महत्त्व असते, हे उघड आहे.

या प्रथेचा विचार समाजशास्त्र, धर्मशास्त्र आणि कायदा या अंगांनी बराच झाला आहे. परंतु देणारा आणि घेणारा यांचा संबंध मुख्यतः शब्दांवर उभा असतो, ही बाजू सहसा उपेक्षित राहते. देणाऱ्याने संस्था क्वचितच पाहिलेली असते. तो पत्रे, अहवाल आणि नियमावली वाचतो, आणि त्यांतील शब्दांना आपल्या समाजात जो अर्थ असेल तोच गृहीत धरतो. घेणाऱ्याच्या समाजात त्याच शब्दाला निराळा अर्थ असू शकतो. हा भेद जोपर्यंत उघड होत नाही तोपर्यंत व्यवहार सुरळीत चालतो, आणि तो उघड होतो तेव्हा भुर्दंड संस्थेतील मुलांना सोसावा लागतो. या विधानाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. ते म्हणजे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन व त्यातून वाढलेली केडगावची ‘मुक्ति’ ही संस्था. प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे तीन शब्दांचा विचार केला आहे.

१. ‘मिशन’

‘मिशन’ हा शब्द ‘पाठविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. धर्मप्रसारासाठी माणसे पाठविणे या विशिष्ट अर्थाने तो सोळाव्या शतकात जेझुइट संघाच्या व्यवहारात स्थिरावला. म्हणजे मुळात तो क्रियावाचक आहे. कोणीतरी पाठवितो, कोणीतरी जातो आणि कोणाकडे तरी जातो, या तीन गोष्टी त्यात अध्याहृत आहेत.

मराठीत आल्यावर मात्र या शब्दाने आपले स्वरूप पालटले. अमेरिकन मिशनचे पहिले धर्मोपदेशक १८१३ साली मुंबईस आले. त्यांच्यामागून आलेली माणसे येथे वर्षानुवर्षे राहिली, मराठी शिकली, तीत त्यांनी शाळा चालविल्या आणि पुस्तके छापली. १८२७ साली आलेल्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शिक्षणात आयुष्य वेचले आणि १८४२ साली अहमदनगराहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. त्यामुळे मराठी माणसाच्या दृष्टीने ‘मिशन’ ही जाण्या-येण्याची क्रिया न राहता एक ठिकाण झाले. ‘मिशनचा दवाखाना’, ‘मिशनची शाळा’, ‘मिशन कंपाउंड’ या प्रयोगांत तो शब्द वास्तूचा किंवा संस्थेचा वाचक आहे. आधुनिक अल्पकालीन भेटींमुळे तो पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे, प्रवासाकडे, वळला आहे. पाठविणारी मंडळी ‘आम्ही मिशनवर जातो’ असे म्हणते, आणि स्थानिक माणूस मात्र ‘मिशनमधून पाहुणे आले’ असे म्हणतो. एकाच्या लेखी तो प्रवास आहे, तर दुसऱ्याच्या लेखी ते घर आहे.

रमाबाईंच्या बाबतीत या प्रवासाची दिशाच उलट होती, आणि हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य म्हणावयास हवे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि कोणत्याही चर्चचा अधिकार आपल्या बुद्धीस पटल्यावाचून मानावयाचा नाही, ही त्यांची वृत्ती तेथील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभाच्या निमित्ताने त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढील दोन-अडीच वर्षे अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या. त्यांना कोणी पाठविले नव्हते. योजना त्यांची होती, आणि साहाय्य करू इच्छिणाऱ्यांकडे त्या स्वतः गेल्या होत्या. १८८७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांविषयीचे इंग्रजी पुस्तक अमेरिकन वाचकांना उद्देशून होते, आणि त्याचा शेवट साहाय्याच्या आवाहनाने झाला आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. नियोजित शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने मान्य केले.

भारतात परतल्यावर रमाबाईंनी १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. एका पुस्तकात अमेरिकनांस हिंदुस्थान समजावून दिला होता आणि दुसऱ्यात मराठी वाचकांस अमेरिका. दाता आणि समाज या दोहोंशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू शकणारी व्यक्ती संस्थेच्या मुळाशी असणे, हे स्थानिक संस्थेचे सर्वांत मोठे भांडवल असते. तथापि दोन भाषा जाणणारी व्यक्ती असली तरी दोन समाजांतील अर्थभेद आपोआप नाहीसा होत नाही, हे पुढील चार वर्षांत दिसून आले.

२. ‘अन्‌सेक्टेरियन’

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे ज्या आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या त्या गोदूबाई येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. १८९० च्या अखेरीस संस्था पुण्यास आली. असोसिएशनने सदनाचे धोरण ज्या शब्दात सांगितले होते तो इंग्रजी शब्द म्हणजे ‘अन्‌सेक्टेरियन’. विद्यार्थिनींना आपापले जातिनियम व आचार पाळण्यास मोकळीक होती. न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे पुढारी सल्लागार मंडळात होते. पैसा बोस्टनचा, सल्ला पुण्याचा आणि संचालन रमाबाईंचे अशी ही त्रिपदी होती.

या शब्दाचा तीन ठिकाणी कोणता अर्थ होत असावा, याचा विचार करणे उद्बोधक आहे. इंग्रजीतील ‘सेक्ट’ म्हणजे धर्माच्या पोटातील पंथ. असोसिएशनमध्ये निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांचे लोक एकत्र आले होते आणि खुद्द हेल हे युनिटेरियन होते. अशा मंडळींच्या दृष्टीने ‘अन्‌सेक्टेरियन’ म्हणजे यांपैकी कोणत्याही एका पंथाचे वर्चस्व नसलेली संस्था. ख्रिस्ती नीतीचे सर्वसाधारण वातावरण या अर्थातून वगळले जात नाही.

पुण्यात हा शब्द ‘पंथा’पाशी थांबला नाही. मराठी समाजाच्या दृष्टीने युनिटेरियन आणि एपिस्कोपल यांतील भेद नगण्य होता, मुख्य भेद होता तो हिंदू आणि ख्रिस्ती यांतील. म्हणून या शब्दाचा अर्थ ‘ख्रिस्ती धर्माचा स्पर्श नसलेली संस्था’ असा घेतला गेला, आणि तो त्या परिस्थितीत स्वाभाविक होता. पालकांनी आपल्या विधवा मुली सदनात पाठविल्या त्या या अर्थाच्या भरवशावर.

रमाबाईंचा अर्थ या दोहोंहून निराळा होता. विद्यार्थिनींना ख्रिस्ती होण्याचा आग्रह करावयाचा नाही, हे त्यांना मान्य होते. परंतु आपली प्रार्थना दार लावून करावयाची आणि कोणी मुलगी आपण होऊन येऊन बसली तर तिला उठवावयाचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने त्या शब्दाचा अर्थ सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य असा होता, आणि ते स्वातंत्र्य विद्यार्थिनींइतकेच संचालिकेलाही होते.

१८९३ साली हे तीन अर्थ एकमेकांवर आदळले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, ही वार्ता पसरली. ‘केसरी’ने कडक टीका केली. रानडे, भांडारकर प्रभृतींनी बोस्टनला पत्र लिहून संस्थेशी असलेला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. बोस्टनच्या मंडळींनी रमाबाईंची बाजू उचलून धरली. आपण दिलेल्या अर्थानुसार त्यांनी नियम मोडलेला नाही, असेच त्यांना वाटणे साहजिक होते.

या प्रसंगाचे वर्णन पुष्कळदा विश्वासघात किंवा छळ या दोन टोकांपैकी एका टोकावरून केले जाते. शब्दार्थाच्या बाजूने पाहिले असता असे दिसते की, तिन्ही पक्ष आपापल्या अर्थाशी प्रामाणिक होते. दोष होता तो एवढाच की, संस्थेच्या नियमातील सर्वांत महत्त्वाच्या शब्दाचा अर्थ मराठीत, पालकांना समजेल अशा रीतीने, प्रारंभीच निश्चित झाला नव्हता. प्रार्थनेच्या वेळी दार उघडे राहील की बंद, या एका वाक्याने जे स्पष्ट झाले असते ते एका परकीय विशेषणावर सोपविले गेले. त्याचा परिणाम ज्यांनी भोगला त्या मुलींनी तो शब्द ऐकलाही नसण्याचा संभव आहे. सदनातून काढून नेलेल्या विधवा मुलीस त्या काळी शिक्षणाचा दुसरा मार्ग जवळजवळ नव्हता.

पुढील इतिहासात हा गोंधळ दोन रीतींनी दूर झाला. १८९८ साली असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, जुनी असोसिएशन विसर्जित होऊन तिच्या जागी नवी आली, आणि त्याच वर्षी केडगाव येथे उघडपणे ख्रिस्ती असलेली ‘मुक्ति’ ही संस्था सुरू झाली. आता देणाऱ्यास, घेणाऱ्यास आणि टीकाकारासही संस्थेचे स्वरूप एकाच अर्थाने कळत होते. दुसरीकडे, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी निराळी संस्था काढली. गोदूबाईंशी त्यांचा विवाह १८९३ साली, म्हणजे वादाच्याच वर्षी, झाला होता. शारदा सदनाचा अनुभव त्यांच्या घरातच होता आणि त्यांची वर्गणी मुख्यतः येथील समाजातून येणार होती. एका वादातून दोन संस्था स्पष्ट झाल्या, असे म्हणता येईल.

३. ‘अनाथ’

कर्व्यांच्या या संस्थेचे नाव होते ‘अनाथ बालिकाश्रम’. हे नाव आजच्या वाचकास बुचकळ्यात टाकते, कारण तेथील स्त्रिया विधवा होत्या आणि त्यांपैकी कित्येकींचे आईबाप हयात होते. परंतु शब्दाचा मूळ अर्थ पाहता नावात चूक नाही. ‘नाथ’ म्हणजे रक्षणकर्ता, आश्रय. ज्याला तो नाही तो अनाथ. विधवा, टाकलेली स्त्री, निराधार वृद्ध, दुष्काळात वाट फुटेल तिकडे निघालेले मूल या सर्वांस तो शब्द लागू पडत असे. आईबाप वारले आहेत एवढेच सांगावयाचे असल्यास मराठीत ‘पोरका’ हा निराळा शब्द होता व आहे.

इंग्रजी ‘ऑर्फन’ हा शब्द ग्रीकमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘वियोग झालेला’ असा आहे. तुलनात्मक भाषाशास्त्रात त्याचा संबंध संस्कृत ‘अर्भ’, म्हणजेच मराठी ‘अर्भक’, या शब्दाशी जोडला जातो. म्हणजे व्युत्पत्तीने ‘ऑर्फन’ हा ‘अर्भका’चा आप्त आहे, ‘अनाथा’चा नव्हे. रूढ इंग्रजीत तो आईबाप नसलेल्या मुलाचाच वाचक आहे. ‘अनाथाश्रम’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर ‘ऑर्फनेज’ असे केले की, वाचणाऱ्या परदेशी दात्याच्या मनात ज्याचे जगात कोणी नाही असे मूल उभे राहते. संस्थेत मात्र ज्याचे घर त्याला पोसू शकत नाही असे मूल असू शकते.

केडगावी हा भेद नित्याचा होता. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांची व्यवस्था केडगावच्या शेतावर झाली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संस्थेतील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. खुद्द रमाबाईंचे आईवडील १८७४ साली दुष्काळातच वारले होते, त्यामुळे ‘पोरके’ आणि ‘अनाथ’ या दोन्ही शब्दांचा अर्थ त्यांना अनुभवाने ठाऊक होता. येथे एका आक्षेपाची नोंद करणे आवश्यक आहे. शारदा सदनातील जाणती विधवा आणि दुष्काळातून आणलेले लहान मूल यांच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात मोठे अंतर आहे. भुकेल्या मुलास निवडीचा अधिकार नावापुरताच असतो. हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही.

परदेशी साहाय्यकांचे स्थान मात्र केडगावी नीट ठरलेले होते. अमेरिकन धर्मोपदेशिका मिनी एब्रम्स यांच्यासारख्या स्त्रिया तेथे येऊन राहिल्या, परंतु घराची मालकीण रमाबाई होत्या आणि घराची भाषा मराठी होती. शेती, विणकाम, छापखाना ही कामे तेथील स्त्रियांच्याच हाती होती. हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे कार्य रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीस वाचता यावे, हा त्यातील हेतू होता. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि केडगावच्या छापखान्यातून ते संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. परदेशी पैशावर चाललेल्या संस्थेची भाषा पैशाबरोबर बदलली नाही, याचा हा भक्कम पुरावा आहे.

४. आजची परिस्थिती

‘अनाथ’ आणि ‘ऑर्फन’ यांतील अंतर आज केवळ कोशाचा विषय राहिलेला नाही. युनिसेफच्या गणनेत एक पालक गमावलेले मूलही ‘ऑर्फन’ ठरते, त्यामुळे जागतिक आकडा फुगलेला दिसतो. जगातील अनाथाश्रमांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांचा निदान एक पालक हयात असतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्थांची संख्या सुमारे पाऊणपटीने वाढली. त्या काळात पोरक्या मुलांची संख्या त्या मानाने वाढली नव्हती. वाढले होते ते परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या. पाहुण्यास ‘अनाथ’ मूल पाहावयाचे असते, म्हणून गरिबाचे मूल ‘अनाथ’ म्हणून दाखविले जाते. २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने या प्रकाराची गंभीर दखल घेतली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने बालहक्कविषयक ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्यांचा उल्लेख केला.

भारतीय कायद्याने या बाबतीत उल्लेखनीय अचूकपणा दाखविला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात ‘ऑर्फन’ची व्याख्या करताना ज्यास जन्मदाते, दत्तक पालक अथवा कायदेशीर पालक नाहीत असे मूल, तसेच ज्याचा कायदेशीर पालक त्याचा सांभाळ करण्यास राजी किंवा समर्थ नाही असेही मूल, त्यात समाविष्ट केले आहे. दुसरा भाग पाहता कायद्यातील इंग्रजी शब्दाने जुन्या ‘अनाथ’ या शब्दाचा अर्थ अंगीकारला आहे, असे म्हणता येईल. त्याच अधिनियमात मुलास संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला असून, मुलांचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी बंधनकारक केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांना शिक्षणात व नोकरीत एक टक्का आरक्षण देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून या शब्दाच्या व्याख्येवर तरुणांच्या नोकऱ्याही अवलंबून आहेत.

परदेशी साहाय्याविषयीचे नियमही कडक झाले आहेत. २०१० च्या परकीय योगदान अधिनियमात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार परकीय देणगी प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यात जमा व्हावी लागते, ती एका संस्थेस दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही, आणि तिच्यातून व्यवस्थापनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. पर्यटकाच्या व्हिसावर धर्मप्रचाराचे कार्य करता येत नाही. त्यामुळे पाहुणा पर्यटक आहे, देणगीदार आहे की मिशनरी आहे, हे येथे पोहोचण्यापूर्वीच त्याला शब्दांत सांगावे लागते. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे पूर्वी जाणारा पैसा थांबल्याने खेड्यातील शाळांची अडचण झाली, हेही नमूद केले पाहिजे.

कायदा नोंदणी व हिशेब पाहतो. शब्दार्थाची जबाबदारी मात्र संस्थेकडेच राहते. शारदा सदनाच्या अनुभवावरून तिचे स्वरूप सांगता येते. संस्थेच्या धोरणाचे मूळ लेखन मुलांच्या पालकांच्या भाषेत असावे आणि दात्यासाठी त्याचे भाषांतर व्हावे. उलट क्रमाने होऊ नये. धर्मशिक्षण, प्रार्थना, सुट्टीत घरी जाणे, मुलांची छायाचित्रे घेणे या बाबी विशेषणांनी न सांगता क्रियापदांनी सांगाव्या. कोण केव्हा काय करील आणि काय करणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे. मुलाचा पालक हयात असल्यास अहवालात तसे लिहावे, त्यामुळे वर्गणी कमी झाली तरी चालेल. पाहुण्यांनी मुक्काम कितीही अल्प असला तरी घरच्या नियमाखाली राहावे.

यांपैकी एकही गोष्ट खर्चाची नाही. १८९३ साली पुण्यात ज्या मुलींना आपली पाटी-पुस्तके आवरून घरी जावे लागले, त्यांच्यासाठी मात्र ती कोणी वेळेवर केली नव्हती.